हेडसेटचा माईक मधेच गायब होतो, कानात मात्र सगळं नीट ऐकू येतं. घरी तपासता येईल का?

कळव्याची_लेक · मंगळवार, रात्री

नमस्कार सगळ्यांना. मी स्टुडंट पायलट आहे, घर कळव्याला आणि फ्लाइंग स्कूल घाटावर. सध्या सुट्टीवर घरी आलेय, रविवारी रात्री परत निघायचंय, त्याच्या आत हे सुटलं तर फार बरं होईल म्हणून इथे विचारतेय.

हेडसेट सेकंडहँड, एका सीनियरकडून घेतलेला. साधा पॅसिव्ह आहे, म्हणजे एएनआर (बॅटरीवर बाहेरचा आवाज मारणारी सोय) नाही, बॅटरी नाही, दोन प्लगवाला (एक ऐकायचा, एक माईकचा). दीडेक महिना मस्त चालला. मग गेल्या तीन-चार सॉर्टीत (उड्डाणांत) असं व्हायला लागलं की मी बोलतेय आणि शेजारी सरांना इंटरकॉमवर काहीच ऐकू जात नाही, मग मी जरा मान वळवली किंवा हलले की आवाज आपोआप परत येतो. एकदा डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने उडताना) कॉल दिला तर टॉवरने सांगितलं की नुसता कॅरियर (रेडिओची रिकामी लहर) येतोय, आवाज नाही. सरांनी लगेच त्यांच्या बाजूने कॉल दिला म्हणून निभावलं. पण माझं पहिलं सोलो जवळ आलंय आणि तेव्हा शेजारी कोणी नसणार, त्यामुळे हे अंगावर काढायचं नाहीये मला.

घरी आल्यावर भावाच्या अडॅप्टरमधून (दोन प्लगचा एक करतो तो, साधा) लॅपटॉपला लावून बघितला, तर माईक पूर्ण डेड. घाटावर निदान मधेमधे तरी चालत होता! बाबांच्या मल्टिमीटरने माईकच्या प्लगवर बघितलं, टोकाच्या भागावर कशाशीच बीप येत नाही. म्हणजे माईकची कॅप्सूल गेली का? ठाण्यात किंवा नवी मुंबईत हे कोणी बघतं का? नवीन हेडसेट आत्ता शक्य नाही, सीपीएलचे (कमर्शियल पायलट लायसन्सचे) २०० तास पुरे करायचेत आणि एकेका तासाला घरचे कसे पैसे उभे करतायत ते मला माहितीये.

घणसोली_लोकल

माझ्या मते माईकच गेलाय. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत माईक बसतात, माझा गेमिंगचा असाच गेला होता. फोम काढ, हेअर ड्रायरने जरा गरम हवा मार, नाहीच झालं तर नवीन माईक टाकून मोकळी हो, बाकी शोधाशोध करण्यात वेळ जाईल.

बेस_लेग

थांब, ड्रायर मारू नकोस प्लीज. माईकच्या आतला पडदा प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचा असतो, गरम हवेने चांगला असलेला माईकपण जाईल.

मी इन्स्ट्रक्टर होतो काही वर्षं, आता एअरलाइनला आहे, राहतो घोडबंदर रोडला. तुझ्या पोस्टमध्ये उत्तर अर्धं आलेलंच आहे बघ. टॉवर म्हणाला नुसता कॅरियर येतोय, याचा अर्थ तू पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबलंस तेव्हा रेडिओ ट्रान्समिटला गेला, लहर बाहेर पडली, फक्त तिच्यावर आवाज चढला नाही. म्हणजे पीटीटीचं बटण ठीक, रेडिओ ठीक, अँटेना ठीक. पीटीटी गेलं असतं तर टॉवरला काहीच मिळालं नसतं आणि इंटरकॉमवर मात्र तू सरांना व्यवस्थित ऐकू आली असतीस. तुझा आवाज दोन्हीकडे गायब होतोय, इंटरकॉमवर पण आणि रेडिओवर पण. दोन्हीला कॉमन काय, तर माईक, त्याची केबल, प्लग आणि विमानातला जॅक. एवढ्यातच शोधायचं.

आता एक सांग, तुझा हेडसेट सरांच्या जॅकमध्ये आणि सरांचा तुझ्या जॅकमध्ये असं उलटसुलट करून बघितलंत का? दोष हेडसेटबरोबर गेला तर हेडसेट, जागेवरच राहिला तर विमान. दोन मिनिटांचं काम आहे आणि अर्धे लोक हेच करत नाहीत, थेट स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात. आणि माईकचा प्लग पूर्ण आत जात होता ना? तो शेवटचा एक मिलिमीटर राहतो खूपदा, आत गेल्यासारखा वाटतो पण खट्ट होत नाही, मग गुडघा लागला की संपर्क तुटतो.

इंटरकॉमचा स्क्वेल्च (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद ठेवणारं बटण) पण बघायचा असतो. तो फार वर चढवलेला असेल तर हळू बोलणाऱ्याचा आवाज कापला जातो, वाक्याची सुरुवातच गायब होते. पण तुझ्या केसमध्ये तो वाटत नाही, कारण स्क्वेल्च मान वळवल्यावर सुधारत नाही.

कळव्याची_लेक

थँक्यू सर! जॅक बदलून नाही बघितला, सुचलंच नाही. पण त्या तीन-चार सॉर्टी दोन वेगवेगळ्या विमानांत होत्या, दोन्हीत झालं. प्लग मी दरवेळी अंगठ्याने दाबून खात्री करते.

बेस_लेग

दोन वेगळी विमानं म्हणजे मग जॅकचा प्रश्नच मिटला. हेडसेटच आहे.

कोपरखैरणेचे_काका

बेटा, मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस, विमानातलं मला फारसं कळत नाही पण माईक आयुष्यभर उघडले आहेत, म्हणून लिहितो. लॅपटॉपवर माईक डेड दिसला म्हणून घाबरून गेलीस ना, ती टेस्टच चुकीची आहे. त्या टेस्टला चांगला माईकसुद्धा नापास होतो.

कारण सांगतो. पूर्वी विमानात कार्बन माईक असायचे, आपल्या जुन्या काळ्या डायलच्या फोनमध्ये असायचा तसाच. आत कोळशाचे बारीक दाणे, बोललं की पडदा दाणे दाबतो, दाण्यांचा रेझिस्टन्स कमीजास्त होतो आणि त्यातून वाहणारा करंट आवाजाप्रमाणे हलतो. दाणे दमटपणाने चिकटून बसले की आवाज बारीक व्हायचा, म्हणून लोक रिसिव्हर हातावर आपटायचे, जुन्या लोकांना आठवत असेल. तर अशा माईकला करंट बाहेरून द्यावाच लागतो, म्हणून विमानाचे रेडिओ माईकच्या वायरवरच साधारण ८ ते १६ व्होल्ट डीसी सोडतात. पुढे इलेक्ट्रेट माईक आले (१९६२ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये निघाला तो प्रकार), हलके, स्वस्त, आवाज स्वच्छ. पण जगभरातली विमानं आणि रेडिओ तर जुनेच, ते कोण बदलणार? मग हेडसेटवाल्यांनी इलेक्ट्रेटच्या मागे छोटा अँप्लिफायर बसवला, जो रेडिओला कार्बन माईकसारखाच दिसतो आणि त्याच ८ ते १६ व्होल्टवर चालतो. तुझ्या हेडसेटमध्ये बॅटरी नाही तरी माईक चालतो तो यामुळे.

लॅपटॉपचा माईक जॅक देतो दोन-तीन व्होल्ट, करंट तर अगदी नावाला. त्यावर हा अँप्लिफायर जागाच होत नाही. भावाचा अडॅप्टर नुसता वायर इकडची तिकडे जोडणारा असेल तर शांतता येणारच. यूएसबीचे काही अडॅप्टर असतात खास विमानाच्या हेडसेटसाठी, ते आतून जादा व्होल्टेज बनवून देतात, ते वेगळे.

आणि टोकावर बीप नाही त्याचीही काळजी सोड. माईकच्या प्लगला तीन भाग. टोक म्हणजे टिप, ती पीटीटीसाठी. मधली रिंग, तिच्यावर आवाज आणि तो व्होल्टेज. खालची बॉडी म्हणजे स्लीव्ह, ती ग्राउंड. तुझं पीटीटीचं बटण योकवर (विमानाच्या हँडलवर) असणार, हेडसेटवर नाही, मग हेडसेटच्या प्लगची टिप बहुधा कशालाच जोडलेली नसते. तिथे बीप न येणं बरोबरच आहे.

आता खरी टेस्ट. घरात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असेल आणि एक ४७० ओहमचा रेझिस्टर, पाच रुपयांच्या आतबाहेर मिळतो. बॅटरीचा प्लस रेझिस्टरमधून रिंगला, मायनस सरळ स्लीव्हला. रिंगवर क्लिप नीट बसत नाही, बारीक उघडी वायर दोन वेढे गुंडाळ आणि वरून चिकटपट्टी मार, टिपला किंवा स्लीव्हला टेकू देऊ नकोस. मग मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून रिंग आणि स्लीव्हमध्ये माप. माईक करंट ओढत असेल तर ९ चे ५-६ व्होल्ट दिसतील. साधं गणित आहे, ४ व्होल्ट रेझिस्टरवर पडले तर ४ भागिले ४७०, म्हणजे साडेआठ मिलिअँपिअरच्या आसपास, असा माईक जिवंत. पूर्ण ९ च दिसले तर कुठेतरी वायर तुटलेली आहे किंवा माईक आतून तुटलाय. शून्याजवळ आलं तर शॉर्ट.

आणि आता महत्त्वाचं. मीटर लावलेलाच ठेवून केबल हळूहळू वाकवत जा, प्लगपासून सुरू करून इंचाइंचाने कानाच्या कपापर्यंत, मग बूम (माईक धरणारी दांडी) वरखाली फिरव. जिथे आकडा उडी मारेल तिथे दोष. काही उघडायची गरज नाही.

तुर्भे_सोल्डर

काकांनी एकदम बरोबर सांगितलंय. मी तुर्भे एमआयडीसीत केबल आणि हार्नेसचं काम करतो, विमानाचे हेडसेट पण येतात मधूनमधून. मान वळवली की आवाज येतो म्हटल्यावर मी डोळे झाकून केबल सांगेन. तुटण्याच्या जागा ठरलेल्या, एक प्लगच्या मानेशी, दुसरी कपात केबल शिरते तिथे, तिसरी बूमचा सांधा. त्यातही प्लगची मान पहिली, कारण बॅगेत ठेवताना लोक केबल घट्ट गुंडाळतात आणि प्लग काढताना केबलला धरून ओढतात.

घणसोलीवाल्या दादांना एकच सांगतो, माईक बदलून बघू हा मार्ग वाईट नाही, पण नवीन माईक घेऊन लावला आणि दोष केबलमध्ये निघाला तर पैसे गेले आणि मुलगी सोलोला तोच हेडसेट घेऊन जाणार.

प्लग लागलाच तर एक लक्षात ठेव. लॅमिंग्टन रोडला जाऊन नुसतं स्टिरीओ प्लग द्या म्हणालीस तर साडेसहा मिलिमीटरचा म्युझिकवाला देतील. तुझा ऐकण्याचा प्लग त्याच मापाचा आहे, पीजे-०५५ म्हणतात, ६.३५ मिमी. पण माईकचा पीजे-०६८ असतो, ५.२३ मिमी, बारीक. म्युझिकवाला त्या होलमध्ये शिरणारच नाही. विमानातल्या लोकांनी मुद्दाम वेगळे ठेवलेत, घाईत अदलाबदल होऊ नये म्हणून.

घणसोली_लोकल

बरोबर दादा, मला केबलचं लक्षातच आलं नाही. ड्रायरचं मागे घेतो, ताई मारला नसशील अशी आशा.

कळव्याची_लेक · गुरुवार

नाही मारला 🙏

काका, केलं तुम्ही सांगितलं तसं! रेझिस्टर कळवा स्टेशनजवळच्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे मिळाला, त्याने पैसेच घेतले नाहीत. बॅटरी नुसती ९.२ दाखवत होती, माईक जोडल्यावर ५.१. म्हणजे माईक जिवंत!! मी आणि बाबा ओरडलोच. मग बाबांनी मीटर धरला आणि मी केबल वाकवत गेले. प्लगच्या रबरी मानेपासून साधारण दोन बोटं वर, डावीकडे वाकवलं की ५.१, सरळ केलं की ९.२, परत डावीकडे ५.१. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. बूम आणि कप सगळीकडे वाकवून बघितलं, तिकडे आकडा हलत नाही.

बाहेरून केबलला काहीच दिसत नाही हो, साधा ओरखडापण नाही. आता हे मी स्वतः सोल्डर करू का कोणाकडे देऊ? सोल्डरिंग डिप्लोमात केलंय पण या गोष्टीवर माझा जीव अवलंबून असणार आहे म्हणून विचारतेय.

कोपरखैरणेचे_काका

शाब्बास बेटा. बाबांनाही सांग.

तुर्भे_सोल्डर

शनिवारी वर्कशॉपला ये, मेसेज टाकून ठेव. ट्रान्स हार्बरने ठाण्याहून तुर्भे सरळ आहे. घरी करू नकोस म्हणतो याचं कारण हात नाही, वायर आहे. हेडसेटच्या काही केबलमध्ये साधी तांब्याची वायर नसते, धाग्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते, वाकायला चांगली म्हणून. तिला सोल्डर करताना जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न टेकवलं की आतला धागा जळतो, वर सोल्डर छान चमकतं आणि आठवड्यात जोड तुटतो. पटकन टिन करायला (सोल्डरचा पातळ थर द्यायला) लागतं.

आणि मधेच तुटलेली जागा जोडून वर टेप मारणं हा प्रकार तर नकोच. दोन बोटं केबल कापून टाकायची, तुझ्या प्लगचं कव्हर फिरवून निघत असेल तर तोच प्लग परत लावायचा. केबल दोन बोटं आखूड झाली तर काही बिघडत नाही.

बेस_लेग

दादांचं ऐक. हेडसेट तुझा आहे, तो तू दुरुस्त करून घेऊ शकतेस. विमानातल्या पॅनेलच्या जॅकला मात्र कधीच हात लावायचा नाही, तो सैल वाटला तर स्नॅग लिहायचा (बिघाडाची नोंद करायची) आणि एएमईला, म्हणजे विमानाच्या मेंटेनन्स इंजिनिअरला सांगायचं. त्या माईक जॅकला वॉशर लावून बॉडीपासून वेगळं ठेवलेलं असतं, कोणी नुसता आवळला आणि वॉशर सरकला तर हेडसेटमध्ये अल्टरनेटरची शिट्टी ऐकू यायला लागते आणि मग सगळे हेडसेटला दोष देत बसतात.

कळव्याची_लेक · शनिवार, रात्री

झालं! बाबा आणि मी दोघं गेलो तुर्भेला. दादांनी माझ्यासमोर केबल उभी चिरली, फोटो टाकता येत नाहीये म्हणून लिहून सांगते. वरचं काळं आवरण अगदी नवं असल्यासारखं, आत दोन वायर आणि जाळी. त्यातल्या लाल वायरचं प्लॅस्टिक पण अखंड होतं, पण दादांनी दोन नखांत धरून ओढलं तर रबरासारखं ताणलं गेलं, म्हणजे आत तांबं नव्हतंच तिथे. प्लॅस्टिक कापलं तर तांब्याची दोन टोकं, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट, आणि टोकांवर हिरवट काळी भुकटी. केबल डावीकडे वाकली की ती टोकं एकमेकांना टेकत होती, एवढ्यावर मी सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) कॉल देत होते. बघून पोटात गोळा आला.

दादांनी अडीच बोटं कापली, त्याच प्लगला परत जोडलं, आत केबलला पकड दिली म्हणजे ओढ सोल्डरवर येणार नाही. प्लगचा पितळी भाग पण काळा पडला होता, तो अल्कोहोलने पुसला. मग परत बॅटरी लावून वाकवून बघितलं, ५.१ वरून हललाच नाही. पैसे घ्यायला तयार नव्हते, बाबांनी जबरदस्तीने दिले.

अजून एक विचारायचं राहिलं. दादा म्हणाले की तुझा माईक उलटा बसलेला आहे. बूमवर माईक फिरतो आणि एका बाजूला ठिपका आहे, तो मी बाहेरच्या बाजूला ठेवत होते. याने फरक पडतो का?

बेस_लेग

प्रचंड पडतो! हा माईक दोन्ही बाजूंनी उघडा असतो. इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखाच येतो आणि पडद्यावर एकमेकाला मारतो, तुझा आवाज मात्र जवळच्या एकाच बाजूने जोरात येतो म्हणून तो उरतो. नॉईज कॅन्सलिंग ते हेच, त्यात बॅटरी वगैरे काही नाही. पण त्यासाठी बोलायची बाजू ओठांकडे पाहिजे, ठिपका ओठांकडे, आणि अंतर अगदी कमी, ओठ आणि फोममध्ये करंगळीची जाडी राहिली तरी जास्त झालं. हनुवटीखाली माईक ठेवून बोलणारे खूप बघितलेत, त्यांना वाटतं आपण हळू बोलतो म्हणून ऐकू जात नाही.

फोम पण नवीन घाल. थुंकीने आणि घामाने तो कडक होतो, वासही येतो, आणि सेकंडहँड हेडसेटचा फोम तर पहिल्याच दिवशी बदलायचा असतो. फोम न घालता मात्र उडू नकोस, श्वासाचा फुसफुस आवाज सगळा माईकमध्ये जातो.

आणि सोलोच्या आधी तीन गोष्टी कर. पहिली, स्टार्ट झाल्यावर सरांबरोबर इंटरकॉमवर बोलताना मान पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघ. दुसरी, रेडिओ चेक घेताना स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात येतोय का याकडे लक्ष दे, त्याला साइडटोन म्हणतात, पीटीटी दाबून बोलताना तो नाही आला तर समोरही गेला नाही असंच धरायचं. तिसरी, विमानात हँड माईक आहे का आणि कुठे अडकवलाय ते बसल्या बसल्या हाताने चाचपून ठेव. त्याचा जॅक वेगळा, बटण त्याच्यावरच. हेडसेटचा माईक गेला तर कानाने ऐकायचं आणि हँड माईकने बोलायचं, काम भागतं.

तेही नसेल तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला ओळख कळवणारं यंत्र) ७६००, म्हणजे रेडिओ गेल्याचा कोड, सर्किटमधून बाहेर भटकायचं नाही, आणि टॉवरच्या दिव्याकडे बघायचं. स्थिर हिरवा म्हणजे लँडिंगला परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि फिरत राहा. ऐकू तर येणारच आहे तुला, टॉवर सांगेल ऐकत असशील तर आयडेंट (ट्रान्सपॉन्डरवरचं बटण) दाब म्हणून. घाबरायचं काही नाही त्यात, फक्त आधी माहीत पाहिजे.

कोपरखैरणेचे_काका

केबल गुंडाळताना हाताच्या पंजाएवढं मोठं वेटोळं कर, घट्ट आवळू नको. आणि प्लग काढताना धातूच्या जवळ धर. ती बॅटरी आणि रेझिस्टरची जोडणी मोडू नकोस, डबीत घालून हॉस्टेलला ने, तिकडे बाकीच्या मुलांना उपयोगी पडेल.

कळव्याची_लेक · पुढचा बुधवार

काका, डबी नेलीये, आणि कालच एका बॅचमेटचा हेडसेट तपासला, त्याच्या बूमच्या सांध्यात निघाला दोष.

आज सकाळी उडाले. आधी सरांबरोबर दोन सर्किट, मान वळवून, वाकून, सगळं करून बघितलं, आवाज एकदाही गेला नाही. सर म्हणाले तुझा आवाज इतका स्पष्ट पहिल्यांदा ऐकतोय, ते ठिपक्यामुळे असणार. रेडिओ चेकला टॉवरने रीडेबिलिटी फाइव्ह दिली, म्हणजे एकदम स्पष्ट. मग सर उतरले, दार लावलं आणि लांब जाऊन उभे राहिले.

एक सर्किट, एक लँडिंग. डाउनविंडचा कॉल देताना माझा आवाज माझ्या कानात येत होता.